निकितीनची परतभेट, अर्थात व्होल्गेवर आम्ही चौघी

रशियाला जायचं ठरलं ते एका केळवणाच्या पंगतीत. केळवण कुणाचं होतं ते आता चौघींपैकी एकीलाही आठवत नाही, पण मठ्ठा पातळ होता हे सगळ्यांना आठवतं. आम्ही शाळेपासूनच्या चौघी, सगळ्या साठीच्या अलीकडे पलीकडे. नावं लिहीत नाही, लिहिली तर ग्रुपमधून काढून टाकतील. एक कॅशियर, म्हणजे खरंच बँकेत कॅशियर होती आणि रिटायर होऊनही अजून काउंटरवरून उठलेली नाही. एक अन्नपूर्णा, जी लोणावळ्याला निघाली तरी भाजणी घेते. एक जुन्नरकरीण, माहेर जुन्नरचं. आणि चौथी मी, जिला कुणी काही विचारत नाही.

सगळ्याचं मूळ जुन्नरकरीण. तिचं म्हणणं, अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी त्वेर गावातून व्होल्गेवरून बोटीने निघाला, खाली आस्त्राखानपाशी लुटला गेला, तरी हट्टाने कॅस्पियन, इराण, होर्मुझ करत १४६९ च्या सुमारास आपल्या चौलला येऊन उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! बरोबर विकायला एक घोडा. चौलहून आला तो जुन्नरला, तिथे पावसाळ्यात अडकला (चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल असं लिहून ठेवलंय त्याने, म्हणजे माणूस खरं बोलणारा), आणि तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो तर घोडा देतो, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. शेवटी खोरासानच्या एका बड्या माणसाने मध्ये पडून सोडवलं.

"आमच्या गावाने त्याचा घोडा ढापला गं. कुणीतरी जाऊन सॉरी म्हणायला पाहिजे."

"घोडा परत मिळाला ना त्याला?" कॅशियर.

"मिळाला."

"मग खातं बंद. पण क्रूझ केवढ्याला पडते?"

तर असं. नवऱ्यांना घरी ठेवायचं हे एकमताने ठरलं, त्यांनीही फार दुःख दाखवलं नाही. २०१६ चा जून, मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग, नदी, कॅनॉल, तळी असं करत अकरा दिवस.

१३ जून, सोमवार

मुंबई, दिल्ली, मॉस्को. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं होतं, कॅशियरने घेतलं नाही, म्हणाली परत जाताना पुढे करायचंच आहे, कशाला उगाच. परिणामी अकरा दिवस ती प्रत्येक जेवणाला अडीच तास आधी अस्वस्थ.

बोट उत्तरेच्या नदी टर्मिनलला लागलेली होती. टर्मिनल १९३७ चं, स्टालिनच्या काळातलं, वर उंच टोक आणि टोकावर चांदणी, पण पोपडे धरलेले, लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या जुन्या वाड्याने मुकुट घातलाय असं वाटलं. क्रूझ म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर स्विमिंग पूल वगैरे होता. प्रत्यक्षात चार मजली लॉज पाण्यावर तरंगतोय असा प्रकार. ह्या व्होल्गेवरच्या बऱ्याचशा मोठ्या बोटी पूर्व जर्मनीत बांधलेल्या, त्यामुळे दाराची कडी अशी दणकट की अन्नपूर्णेचं बोट त्यात सापडलं तर दार काढावं लागेल. आम्हाला बुकिंग करताना "रिव्हर व्ह्यू" सांगितलं होतं. व्ह्यू होता. केबिन सगळ्यात खालच्या डेकवर, गोल खिडकी, आणि खिडकीत निम्मी नदी निम्मं आकाश, वॉशिंग मशीनमध्ये बसून बाहेर बघितल्यासारखं. बुकिंगवाल्याला फोन केला तर म्हणाला मॅडम, रिव्हर इतकी जवळून कुणाला दिसते?

रात्रीच्या जेवणात बोर्श्ट आलं. बिटाचं लालभडक सूप, वर घट्ट सायीसारखं स्मेताना, आणि त्यावर हिरवं काहीतरी बारीक चिरून भुरभुरवलेलं. अन्नपूर्णेने वास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"शेपू."

इथे सांगायला हवं की अन्नपूर्णा जगातलं काहीही खाते, शेपू सोडून. लहानपणी शेपूची भाजी पुढ्यात आली की ताट घेऊन गच्चीवर जायची आणि कावळ्यांना घालायची, कावळेही नंतर नंतर यायचे बंद झाले म्हणे. आणि रशियन माणूस शेपू कशावर घालत नाही? बटाट्यावर घालतो, काकडीवर घालतो, सूपवर, सॅलडवर, माशावर, मला तर वाटतं उशीवर पण शिंपडत असतील. पुढचे अकरा दिवस ती प्रत्येक ताटातून शेपू वेचत होती, तांदूळ निवडल्यासारखा.

१४ जून, मंगळवार

क्रेमलिन. आत एक तोफ आहे, १५८६ साली ओतलेली, चाळीस टनांच्या आसपास, तोंड इतकं मोठं की आपण आत बसून डबा खाऊ शकतो. ही तोफ लढाईत कधी उडालीच नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर घंटा आहे, दोनशे टनांची, ती १७३७ च्या आगीत तडकली आणि साडेअकरा टनांचा टवका उडाला, म्हणजे ती कधी वाजलीच नाही. जुन्नरकरणीने लगेच जंजिऱ्याच्या कलालबांगडीची आठवण काढली. कॅशियर मात्र गंभीर झाली. "न उडालेली तोफ, न वाजलेली घंटा, आणि तिकीट आपण काढतोय. आमच्या ब्रँचला असा मॅनेजर होता."

मेट्रोबद्दल लोक फार लिहितात म्हणून थोडक्यात. प्लोश्चाद रेवोल्युत्सी स्टेशनवर ब्राँझचे पुतळे आहेत, त्यात सीमेवरचा सैनिक आणि त्याचा कुत्रा, त्या कुत्र्याच्या नाकाला हात लावला की काम होतं. नाक घासून घासून सोन्यासारखं पिवळं झालंय. कॉलेजची पोरं धावत ट्रेन पकडतानाही जाता जाता हात लावून जातात. एवढी वर्षं देव नाही म्हणून सांगितलेल्या देशात कुत्र्याच्या नाकाची रांग! आम्ही चौघींनी हात लावला आणि सवयीने तो हात कपाळालाही लावला. शेजारच्या आजीबाईंनी ते बघितलं, आणि मग त्यांनीही तसंच केलं.

संध्याकाळी हिशोब. त्या वर्षी एक रूबल म्हणजे आपला जवळजवळ एक रुपया, त्यामुळे कॅशियरची सगळी मजाच गेली. गुणाकार भागाकार काहीच नाही, नुसतं बघायचं आणि दचकायचं.

१५ जून, बुधवार

आज बोट सुटली. सुटायच्या वेळी डेकवर एकही कर्मचारी धड दिसेना, कारण बारमध्ये युरो कपची मॅच, रशिया वि. स्लोव्हाकिया. आम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही पण घरचे क्रिकेट बघताना जे चेहरे करतात ते सगळीकडे सारखेच. रशिया २-१ हरली. बारवाल्या पोराने ग्लास पुसायला घेतला तो पुसतच राहिला. अन्नपूर्णेने त्याला दोन चकल्या दिल्या. त्याने एक तोंडात टाकली, मग दुसरी, मग बरणीकडे बघितलं. झालं, तिथून पुढे आमच्या टेबलाला चहा फुकट.

आणि मग लॉक. ह्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण अकरा दिवसांत आम्ही सगळ्यात जास्त वेळ लॉकमध्ये घालवला आणि सगळ्यात जास्त भांडणंही लॉकवरूनच झाली.

मॉस्को शहर व्होल्गेवर नाहीच मुळी. १९३२ ते ३७ ह्या पाच वर्षांत १२८ किलोमीटरचा कॅनॉल खणून मॉस्कोला व्होल्गेशी जोडलंय, आणि तो खणला कैद्यांनी, फावडी आणि हातगाड्यांनी. किती जण त्यात गेले ह्यावर गाईड नुसती नदीकडे बघत राहिली. मॉस्कोकडची बाजू उंच, व्होल्गा खाली, तेव्हा बोट पायऱ्या पायऱ्यांनी उतरवावी लागते. बोट एका लांबलचक काँक्रीटच्या हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, बोटीचा दोर भिंतीतल्या तरंगत्या खुंट्याला अडकवतात. मग काहीच होत नाही. आपण गप्पा मारत असतो. आणि सहज बघितलं तर मगाशी पायाशी असलेला काठ आता कमरेला आलाय, मग खांद्याला, मग डोक्यावर. भिंत ओली, शेवाळलेली, हात लावला तर थंडगार बुळबुळीत, तिच्यातून पाण्याच्या बारीक धारा गळतायत, वर आकाशाची एक पट्टी. आडात घागर सोडतात ना, तर आपण त्या घागरीत बसलोय. आजोळच्या विहिरीचा असाच वास यायचा. जुन्नरकरीण म्हणाली, "मला आईची हाक ऐकू येईल की काय असं वाटायला लागलं." कुणीच काही बोललं नाही. मग समोरचा दरवाजा उघडला आणि पलीकडे उन्हात सगळं पाणी सपाट, जसं काही झालंच नाही.

ह्या कॅनॉलवर आमच्या वाटेत असे सहा. याख्रोमाच्या लॉकवर बुरुजांच्या माथ्यावर तांब्याची शिडाची जहाजं बसवलीयत, कोलंबसच्या जहाजासारखी, रात्री दहा वाजून गेले तरी उजेडात ती चक्क दिसत होती. कॅशियरने वहीचं एक पान घेतलं, दोन रकाने आखले. वर, खाली. सहा वेळा "खाली"समोर टिकमार्क केली.

गाईड म्हणाली पीटर्सबर्गपर्यंत एकूण सतरा लॉक. कॅशियर म्हणाली मी मोजणार. पाचशे रूबलची पैज लागली.

१६ जून, गुरुवार

पहाटे दुब्ना लागलं, तिथे कॅनॉल व्होल्गेला मिळतो. काठावर लेनिनचा अवाढव्य पुतळा, त्याच्या समोरच्या काठावर तेवढाच स्टालिनचा होता तो साठच्या दशकात पाडला. हे बघायला एकटी कॅशियर जागी होती (तिच्या घड्याळात सकाळ झालेली). खाली येऊन आम्हाला उठवलं, "अगं लेनिन एकटाच उभाय!" जणू बिचाऱ्याला चहा द्यायला जायचंय.

पण व्होल्गा आली म्हटल्यावर जुन्नरकरणीने अंघोळ करून, काठपदराची साडी नेसून डेकवर येऊन नदीला हळदकुंकू वाहिलं. निकितीन त्वेरहून निघाला तो ह्याच पाण्यातून खाली आला, काल्याझिनच्या मठात आशीर्वाद घेतला, मग उग्लिच. म्हणजे आज आमची नि त्याची वाट एकच. फक्त तो निघाला होता नफा कमवायला आणि आम्ही निघालो होतो पैसे घालवून.

काल्याझिन आलं आणि सगळी बोट एका बाजूला जमली. नदीच्या मधोमध पाण्यातून एक उंच घंटाघर वर आलेलं. गाव नाही, देऊळ नाही, नुसता मनोरा, ७४ मीटरचा, १८०० सालचा. १९३९-४० मध्ये उग्लिचचं धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं, चर्च आधीच पाडलं होतं, घंटाघर तेवढं राहिलं. सगळे फोटो काढत होते, मला काढवेना. माझं सासर इंदापूरकडचं, उजनीत अर्धी जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ असंच वर येतं, आणि सासूबाई दर वर्षी विचारायच्या, दिसायला लागलं का रे? फोटो कॅशियरने काढला, मला पाठवला, अजून फोनमध्ये आहे.

दुपारी उग्लिच. इथे झार इव्हान द टेरिबलचा धाकटा मुलगा दिमित्री, आठ वर्षांचा, १५९१ च्या मे महिन्यात गळ्यावर जखम होऊन मेला. खून की अपघात, अजून वाद चालूय. गावकऱ्यांनी घंटा वाजवून लोक गोळा केले आणि संशयितांना ठार मारलं. मग शिक्षा झाली गावकऱ्यांना, आणि घंटेला! घंटेला चाबकाचे फटके मारले, जीभ काढली, एक कान तोडला आणि तिला सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केलं. १८९२ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी, ती परत आली. मी गाईडला तीन वेळा विचारलं, घंटाच ना? घंटाच. कॅशियरला प्रश्न एकच, जाण्यायेण्याचा खर्च कुणी केला.

निकितीनने चौलबद्दल लिहिलंय की मी जिथे जाईन तिथे माझ्यामागे माणसांचा घोळका, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल. उग्लिचच्या रस्त्यावर चौघी साड्यांवर स्पोर्ट्स शूज घालून निघालो आणि मागे हा घोळका, शाळेची पोरं, दोन आज्या, एक कुत्रा. एका आजीने साडीचा पदर हातात घेतला, उलटा करून विण बघितली (उलटी बाजू बघितली म्हणजे बाई जाणकार), आणि म्हणाली, "मिथुन?" आम्ही म्हटलं हो हो, मिथुन. तेवढ्यावर मिठी मारली. जुन्नरकरणीचा चेहरा बघायला हवा होता. "फिटलं," म्हणाली, "साडेपाचशे वर्षांनी घोळका फिटला."

उग्लिचचं घड्याळ प्रसिद्ध आहे, चाइका. चाइका म्हणजे समुद्रपक्षी, तेरेश्कोव्हा अंतराळात गेली तेव्हा तिचं रेडिओवरचं नावही हेच. धक्क्यावर बायका विकत बसलेल्या. कॅशियरने घासाघीस करून एक घेतलं आणि त्यात भारतातली वेळ लावली.

१७ जून, शुक्रवार

काल आणि रात्रीत मिळून उग्लिचचं नि रिबिन्स्कचं अशी दोन लॉक उतरलो, सकाळी यारोस्लाव्ल. शहराची स्थापना १०१० सालची धरतात, यारोस्लाव राजाने इथे कुऱ्हाडीने अस्वल मारलं म्हणून शहराच्या चिन्हात अस्वल. राजाच्या पुतळ्याच्या हातात चर्चची छोटी प्रतिकृती आहे, तिथले लोक त्याला केकवाला काका म्हणतात. हाच पुतळा हजार रूबलच्या नोटेवर आहे. कॅशियरने नोट डोळ्यासमोर धरून पुतळा ताडून बघितला, पुढून, बाजूने, मग उजेडात धरून वॉटरमार्क. "ओरिजिनल आहे," म्हणाली. पुतळ्याबद्दल की नोटेबद्दल ते कळलं नाही.

एलिया पैगंबराच्या चर्चमध्ये गेलो, भिंती छत खांब एक बोटभर जागा सोडलेली नाही, सगळी चित्रं, सतराव्या शतकातली. त्यातलं एक शेतातल्या कापणीचं, गडी रंगीत सदऱ्यात, कणसं पिवळीधम्मक. मान मोडेपर्यंत बघत बसले. बाकीच्या तिघी बाहेर क्वास पीत होत्या, शिळ्या राई ब्रेडचं आंबवलेलं पेय, चव साधारण कोकम सरबतात भाकरी कुस्करल्यासारखी. अन्नपूर्णेला आवडलं कारण त्यात शेपू नव्हता.

संध्याकाळी बोट वळून आल्या वाटेने परत वर निघाली आणि पैजेचं त्रांगडं झालं. रिबिन्स्कचं लॉक दुसऱ्यांदा! कॅशियरने "वर"च्या रकान्यात पहिली टिकमार्क केली. गाईड म्हणे लॉक तेच आहे, एकदाच धरायचं. कॅशियर म्हणाली, "एकाच खात्यात एकदा पैसे काढले नि एकदा भरले तर दोन एन्ट्र्या होतात का एक?" वाद जेवणाच्या टेबलावर, मग शेजारच्या टेबलावरच्या जर्मन मंडळींत, मग किचनपर्यंत गेला.

१८ जून, शनिवार

रिबिन्स्कचा जलाशय. काठच दिसत नाही, साडेचार हजार चौरस किलोमीटर पाणी, रशियन लोक समुद्रच म्हणतात. खाली मोलोगा नावाचं अख्खं शहर आहे. १९४१ पासून पाणी भरलं, सव्वा लाखावर माणसं उठवली. गाईड मॉस्कोच्या कॅनॉलवर गप्प बसली होती, इथे आपणहून बोलली.

दुपारी गोरित्सी. इथल्या मठात राजघराण्यातल्या नकोशा बायकांना संन्यास देऊन पाठवायचे. जवळच किरिलो-बेलोझेर्स्की मठ, १३९७ चा, किल्ल्यासारख्या भिंती, आत तळ्याकाठी इतकी शांतता की अन्नपूर्णासुद्धा दहा मिनिटं काही खाल्ल्याशिवाय बसली. डास मात्र कोकणातल्यापेक्षा मोठे, आणि ओडोमॉस त्यांना चटणीसारखं लागत असावं.

आता रात्र म्हणून काही राहिली नव्हती. साडेनऊ वाजता उन्हं, बारा वाजता संधिप्रकाश, आणि अडीचला परत उजाडलेलं. जुन्नरकरीण रोज दिवा लागायच्या वेळी शुभंकरोती म्हणते, पण दिवेलागणच होईना! शेवटी तिने कॅशियरच्या घड्याळावर म्हणायचं ठरवलं.

१९ जून, रविवार

झोपेत सहा लॉक गेली. शेक्स्नाला काल एकदा वर चढलो होतो, आता वितेग्राला ओळीने सहा खाली, मिळून ऐंशी मीटर. कॅशियर रात्रभर शाल गुंडाळून डेकवर, रकान्यात टिका, बारवाला पोरगा तिला चहा आणून देतोय, ती त्याला चकल्या देतेय.

संध्याकाळी ओनेगा तळ्यातलं किझी बेट. इथलं १७१४ चं लाकडी चर्च आयुष्यात एकदा बघावं असं. बावीस घुमट, एकावर एक रचलेले, प्रत्येकावर ॲस्पेन लाकडाच्या खवल्या, ढग आला की करड्या आणि ऊन पडलं की चांदी. डागडुजी चालू होती तरी बाहेरून बघूनच गप्प झालो. सुतार नेस्तर, तो चर्च पुरं झाल्यावर कुऱ्हाड तळ्यात फेकून देऊन म्हणाला की असं परत होणार नाही, अशी दंतकथा. गवतात जाऊ नका, फुरसं असतं तसल्या जातीचे साप आहेत, अशी पाटी होती. कॅशियरने घुमट तीनदा मोजले, एकवीसच भरले, बाविसावा मागच्या बाजूला लपलेला असतो. पैज लावली नव्हती म्हणून वाचली.

२० जून, सोमवार

वटपौर्णिमा. का कालच झाली? कालनिर्णय घरी भिंतीवर, फोनला रेंज नाही. अन्नपूर्णेचं म्हणणं पौर्णिमा आज, जुन्नरकरीण म्हणे काल दुपारीच लागली. शेवटी ठरलं की आज समोर झाड आहे तर आजच.

झाड म्हणजे स्विर नदीकाठच्या मांद्रोगीतला बर्च. मांद्रोगी हे टुरिस्टांसाठी नव्याने बांधलेलं जुनं खेडं, लाकडी घरं, मात्र्योश्का, म्हणजे एकीत एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, रंगवणाऱ्या मुली, आणि दोन हजारांवर प्रकार ठेवलेलं व्होडका म्युझियम. बर्चचं खोड पांढरंशुभ्र, वर काळ्या रेघा, चुना लावून पट्टे ओढल्यासारखं. त्याला पारंब्या नाहीत पण अन्नपूर्णेच्या बॅगेत सुताची गुंडी होती. (का होती हे विचारू नका, त्या बॅगेत जातंही निघालं असतं.) तिने सात फेरे मारले. सात जन्म हाच नवरा मिळू दे, "फक्त हे अकरा दिवस सोडून," असं मोठ्याने म्हणाली. जर्मन बायकांनी विचारलं काय चाललंय, जुन्नरकरणीने सावित्री, सत्यवान, यम सगळं इंग्रजीत सांगितलं. एक जर्मन आजी म्हणाली माझे तीन झाले, मी कुणासाठी मारू? बराच ऊहापोह होऊन तिने फक्त दुसऱ्यासाठी मारले.

उपासाला काय? बोटीवर काशा मिळते, बकव्हीटची लापशी, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात तो कुट्टू. स्वयंपाक्याला सांगितलं, नुसती दे, वर काही नको. त्याने प्रेमाने आणून ठेवली. वर शेपू.

रात्री दहाला वेल्सशी मॅच, ३-० हरले, स्पर्धेतून बाहेर. बारवाल्याला द्यायला चकल्या संपल्या होत्या. भाजणीचं थालीपीठ दिलं, केबिनमधल्या इस्त्रीवर लावलेलं. इस्त्री आमची होती, फ्यूज त्यांचा. अर्धा डेक अंधारात गेला, पण बाहेर उजेडच होता आणि वर पौर्णिमेचा चंद्र, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ जून, मंगळवार

योग दिन. आदल्या दिवशी अन्नपूर्णेने रिसेप्शनवर सांगून ठेवलं होतं, सकाळी डेकवर एकवीस माणसं जमली. लाडोगा तळ्यावरचा वारा असा की ताडासनात उभं राहिलं की झाड आपोआप वाकायचं. शवासन सगळ्यांना फार जमलं. जर्मन आजोबा तर नाश्त्याची घंटा झाली तरी उठेनात, आमची पाचावर धारण, मग घोरले.

स्विरची दोन लॉक कालच्या दिवसरात्रीत धरून कॅशियरचं स्टेटमेंट तयार झालं. खाली सोळा, वर दोन, एकूण अठरा. तिने ते रिसेप्शनच्या काचेला लावलं. दुपारी खुद्द कॅप्टन येऊन बघून गेला, खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली. गाईडने पाचशेची नोट दिली. कॅशियरने ती उजेडात धरून बघितली.

२२ जून, बुधवार

पीटर्सबर्ग. हर्मिताज म्युझियममध्ये पाय मोडले. सोन्याचा मोर असलेलं घड्याळ बघितलं, आणि तळघरात मांजरी पाळतात, अठराव्या शतकात एलिझाबेथ राणीने उंदरांसाठी मागवल्या तेव्हापासूनची परंपरा, त्या मात्र दिसल्या नाहीत. पीटरहॉफच्या राजवाड्याची कारंजी पंपाशिवाय चालतात, सगळं पाणी उंचावरच्या तळ्यांतून उताराने येतं. "म्हणजे लाइट बिल नाही?" कॅशियर पहिल्यांदाच एका राजावर खूश झाली. सिंहाचा जबडा फाडणारा सोनेरी सॅमसन मधोमध आहे, तो मूळचा नाही, जर्मनांनी युद्धात हे सगळं उद्ध्वस्त केलं आणि पुतळा १९४७ मध्ये नव्याने बसवला. गाईड म्हणाली, आज २२ जून, १९४१ साली आजच्याच पहाटे हल्ला झाला होता. आमच्याबरोबरचे जर्मन आजोबा कारंज्याकडे पाठ करून थोडा वेळ उभे होते.

मध्यरात्रीनंतर नेव्हा नदीवरचे पूल उघडतात ते बघायला गेलो. रस्ता मधोमध दुभंगून दिव्यांच्या खांबांसकट वर जातो आणि खालून मोठी जहाजं निघतात. पलीकडच्या काठावर अडकलो असतो तर पहाटेपर्यंत तिकडेच, ही बाब कॅशियरने वेळेवर लक्षात आणून दिली, तिच्या घड्याळात तेव्हा पहाटच होती.

२३ जून आणि नंतर

परतीच्या विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. जुन्नरकरणीच्या बॅगेत व्होल्गेचं पाणी बिसलेरीच्या बाटलीत.

ते पाणी घेऊन जुलैत तिने आम्हाला रेवदंड्याला नेलं. चौलच्या शेजारीच, तिथे निकितीनचं स्मारक आहे. ताम्हिणीपासून पाऊस जो लागला तो थांबलाच नाही, गाडीचा वायपर दमला. स्मारकापाशी उतरलो तर घोट्यापर्यंत चिखल, छत्री उलटी. जुन्नरकरणीने बाटली उघडली, व्होल्गेचं पाणी ओतलं, ते पावसात कुठे गेलं ते कळलंही नाही. मग पदर डोक्यावर घेऊन त्या खांबाला म्हणाली, "घोड्याचं मनावर घेऊ नका."

कॅशियर गाडीत बसून पेट्रोलला चारने भागत होती. अन्नपूर्णेने स्टीलचा डबा उघडला, बटाट्याची भाजी, पोळी. भाजीवर हिरवं काहीतरी होतं. तिघींनी तिच्याकडे बघितलं.

"कोथिंबीर आहे," ती म्हणाली.

वास घेतला. कोथिंबीर नव्हती.